हरकत सर आणि कारल्याचा रस

उत्तर सांगून झालं की हरकत सर गप्प उभे राहत. माईक छातीशी धरलेला, मान किंचित उजवीकडे कललेली, नजर एकेका टेबलावरून फिरणारी. मग एकच शब्द विचारत, "हरकत?" आणि थांबत. हे थांबणं दिखाऊ नसे. उत्तर चुकीचं असू शकतं आणि ते समोरच्यापैकी कोणाला तरी माहीत असू शकतं, हे गृहीत धरून ते थांबत. मोठ्या आवाजाची गाणी आणि त्याहून मोठ्या आवाजाची माणसं असलेल्या जागेत असं थांबणं सोपं नव्हतं. नवे आलेले लोक खाकरत, हसत, मोबाइलकडे बघत. नेहमीचे लोक मात्र त्या वेळी खरोखर विचार करत. पुनावळ्याच्या सर्व्हिस रोडवरच्या त्या पबमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता एवढी एक गोष्ट गंभीरपणे होत असे.

क्विझ खाण्यापिण्याचं होतं. सिनेमा नाही, क्रिकेट नाही, राजधान्या नाहीत. पदार्थ कुठून आला, कशापासून झाला, बाटलीचा रंग तसाच का, डबीवर काय छापलंय, एवढंच. हिंजवडीतून सुटलेली कॉम्प्युटरवाली मंडळी येत, चाकणच्या कारखान्यांतून पहिली शिफ्ट करून आलेले लोक येत, आसपासच्या सोसायट्यांतली नवरा-बायकोची जोडपी येत. आमच्या टेबलावर मी आणि गणेश सावंत. गणेश मूळचा सावंतवाडीकडचा, चाकणला कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये पत्र्याचे भाग काढणारा, माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणारा. आमच्या टीमचं नाव 'पहिली शिफ्ट'. सरांचं आडनाव बहुतेकांना माहीत नव्हतं, आणि त्यांनी ते कोणाला सांगितलंही नाही.

सरांचा एक नियम होता. ज्याला हरकत असेल त्याने चमचा ग्लासवर वाजवायचा, उभं राहायचं आणि पुरावा द्यायचा. पुरावा त्याच संध्याकाळी, क्विझ संपायच्या आत, टेबलावर आला पाहिजे. 'मी कुठेतरी वाचलंय' हा पुरावा नाही. 'माझी आजी असंच करायची' हाही नाही. हरकत फेटाळली गेली तर हरकत घेणाऱ्याने कारल्याचा रस प्यायचा. हरकत खरी ठरली तर तो सरांनी प्यायचा. हा रस ते घरून करून आणत. चऱ्होलीहून दोन बस बदलून यायचे, खांद्याच्या पिशवीत ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळलेली काचेची बाटली असायची. एकाने विचारलं होतं, "सर, एवढं कडू कशाला? लिंबूसरबत ठेवा की." सर म्हणाले, "माणसाची चूक झाली की आजूबाजूचे गोड बोलून मिटवतात. म्हणून ती परत होते."

हा नियम त्यांनी स्वतःला किती लावला, ते गणेशमुळे कळलं. एकदा प्रश्न आला, फेणी कशापासून गाळतात? सरांनी उत्तर दिलं, काजूच्या बोंडापासून, आणि बाकी कशापासूनही नाही. मग नेहमीप्रमाणे थांबले. गणेशने चमचा वाजवला. "सर, हरकत हा. माडाची पण असता." सरांनी विचारलं, पुरावा? गणेशने मामाला फोन लावला, सरांनी नकारार्थी मान हलवली. मग त्याने काउंटरवर जाऊन मागच्या फळीवर धूळ खात पडलेली फेणीची एक बाटली उतरवून आणली आणि लेबल सरांच्या पुढ्यात धरलं. नारळ असं छापलेलं होतं. सरांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं, माईकवरून सांगितलं, "माझं चुकलं," आणि ग्लासभर रस एका दमात संपवला. त्यांच्या तोंडावर त्या वेळी जे होतं त्याला आनंद म्हणावं लागेल. नंतर आमच्या टेबलाशी येऊन ते गणेशला म्हणाले, "सावंत, बाकी कशापासूनही नाही, हे मी उगाच बोललो. जास्तीचं वाक्य नेहमी पकडलं जातं."

पुरावा टेबलावर आणायची त्यांची हौस वेगळीच होती. टॉनिक वॉटर कडू का, असा प्रश्न होता. उत्तर क्विनाइन, म्हणजे मलेरियावर देत ते औषध, झाडाच्या सालीतलं. एका पोराने शंका काढली, आताच्या बाटलीत कसलं आलंय औषध, नुसती चव लावत असतील. पबच्या कोपऱ्यात नाचायच्या जागेवर जांभळे दिवे होते. सर ग्लास घेऊन तिकडे गेले आणि दिव्याखाली धरला. ग्लासातलं पाणी निळं उजळलं. शेजारी साध्या सोड्याचा ग्लास धरला, तो तसाच राहिला. सगळ्या पबने टाळ्या वाजवल्या. सर परत येऊन म्हणाले, "यावरून क्विनाइन किती आहे ते कळत नाही. आहे एवढंच कळतं." टाळ्यांच्या आवाजात हे वाक्य कोणी ऐकलं नाही. ते ऐकायला हवं होतं.

लेबल वाचणं हा त्यांचा धर्म होता. स्वयंपाकघरातल्या हिंगाच्या डबीत सगळ्यात जास्त काय असतं? निम्म्या टीमनी लिहिलं, हिंग. उत्तर होतं, पीठ किंवा डिंक, हिंग थोडा. "डबीवर लिहिलेलं आहे. कंपनीने लपवलेलं नाही. तुम्ही वाचलेलं नाही." ज्याला आपण आइस्क्रीम म्हणून खातो त्या कपावर कधीकधी आइस्क्रीम का छापलेलं नसतं? दुधाच्या चरबीऐवजी तेल असलं की ते नाव छापता येत नाही म्हणून. उपवासाच्या ताटातला साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळं, राजगिरा यांच्यात मूळ इथलं काय? काही नाही, सगळं समुद्रापलीकडून आलेलं. इथली ती भगर आणि शिंगाडा. आळंदीहून येणारा एक प्लंबर हात जोडून म्हणाला, "सर, हे आमच्या आईला सांगू नका, ती माझ्यासकट सगळं घराबाहेर काढील." सर क्वचित हसत, तेव्हा हसले. म्हणाले, "खा हो. खायला कोण नको म्हणतंय? नाव माहीत करून घ्या आणि खा."

रागावले की त्यांची परभणीकडची बोली वर येई. टेबलावर प्रश्नापेक्षा चिकनकडे जास्त लक्ष दिसलं की माईक बाजूला करून ओरडत, "ऐकायलाव का नुसतं गिळायलाव?" लोकांना ते आवडे. काही जण मुद्दाम तसं करत. सरांना हे कळत होतं की नाही, सांगता येत नाही.

ते निवृत्त झाले होते चाकणच्या एका खाद्यपदार्थाच्या कारखान्यातून. प्रयोगशाळेचे प्रमुख होते. पत्नी गेलेली, मुलगी नागपूरला. चऱ्होलीत शेतं जाऊन उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये एकटे राहत. एकदा बसची वाट बघताना म्हणाले, "कंपनीत माझ्या सहीशिवाय गाडी गेटच्या बाहेर पडायची नाही. आता सोसायटीत पाण्याचा टँकर येतो, तो कसला आहे हे विचारलं तर वॉचमन म्हणतो, काका, तुम्हाला काय करायचंय." मग जरा वेळाने, "गुरुवारी मला कोणीतरी विचारतं, खरं काय. बाकी दिवशी कोणी विचारत नाही." ते क्विझ त्यांच्यासाठी काय होतं, हे त्यांनी यापेक्षा जास्त कधी सांगितलं नाही.

पबचा मालक बंटीशेठ. पुनावळ्यातल्या जुन्या घरातला, पस्तिशीचा, आदबशीर. ज्या जागेवर पब आहे तिथे त्याच्या आजोबांची ज्वारी होती. सरांना त्यानेच शोधून आणलं होतं. सरांसाठी स्वतः खुर्ची ओढायचा, निघताना गाडी द्यायचा, सर ती नाकारायचे. त्याच्याबद्दल वाईट लिहावं असं वर्षभर काही घडलं नव्हतं, आणि म्हणून पुढे जे घडलं त्याची माफी नाही.

एका गुरुवारी क्विझ सुरू व्हायच्या आधी वेटरने सरांपुढे पनीर सिक्स्टीफाइव्हची बशी ठेवली. सर आमच्या टेबलाशी बसले होते. एक तुकडा तोंडात टाकला, चावला आणि थांबले. दुसरा घेतला, त्यावरचा मसाला नॅपकिनने पुसला, बोटांत दाबून बघितला, मोडून आतली कड बघितली. म्हणाले, "हे माझं आहे."

आम्हाला कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या कारखान्यात पनीरसारखा दिसणारा एक पदार्थ होतो. दुधाची भुकटी असते, पण दुधाची चरबी नसते, तिच्याऐवजी पामतेल. त्याला 'ॲनालॉग' म्हणतात आणि खोक्यावर तसं मोठ्या अक्षरांत छापावं लागतं. हा पदार्थ तळला तरी फुटू नये म्हणून त्यांनी प्रयोगशाळेत महिनेच्या महिने घालवले होते. "चांगला माल आहे. बेकायदा नाही, विषारी नाही. मला त्याची लाज नाही." मग मेनूकार्ड उघडून बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, मलाई पनीर. "खोकं चाकणहून इथपर्यंत येतं. नाव वाटेत गळून पडतं."

ते उठून बंटीशेठकडे गेले. एकांतात बोलले, पण काउंटर आमच्या टेबलाला लागूनच होता. "शेठ, मेनूवर एक शब्द वाढवा. ॲनालॉग. बाकी काही बदलू नका."

बंटीशेठ हसला. "सर, लोकं मसाला खात्यात वो. पनीर कोण खातंय?"

"मग मसाला सिक्स्टीफाइव्ह लिहा."

"बघतो सर. पुढच्या छपाईला बघतो."

पुढच्या छपाईला मेनूकार्ड नवीन आलं. त्यावर 'मलाई पनीर'च्या आधी 'शंभर टक्के शुद्ध' असे शब्द वाढले होते. सरांनी एक शब्द मागितला होता, त्यांना तीन मिळाले. त्याच संध्याकाळी बंटीशेठने सरांच्या हातात एक कार्ड दिलं. आजच्या विजेत्या टीमला पबतर्फे पनीरची मोठी थाळी होती, आणि तिची घोषणा सरांनी माईकवरून करायची होती. कार्डावर ओळ तयार होती. 'शंभर टक्के शुद्ध मलाई पनीर, आमच्या किचनमधून तुमच्या ताटात.'

सरांनी कार्ड वाचलं आणि खिशात ठेवलं. शेवटच्या फेरीत ते उभे राहिले. म्हणाले, "शेवटचा प्रश्न. आज तुमच्या टेबलांवर जे पनीर आहे, त्यातली चरबी कुठून आली? गाय, म्हैस, की झाड?"

लोक हसले. पाट्यांवर उत्तरं आली. गाय, म्हैस, म्हैस, गाय. आमच्या टेबलाने झाड लिहिलं.

"उत्तर, झाड," सर म्हणाले. "पामचं." मग माईक छातीशी धरून थांबले. "हरकत?"

चमचा वाजला. काउंटरमागे बंटीशेठ उभा होता, हातात ग्लास. आवाज शांत होता. "हरकत हाय, सर. आमी काय लोकांला फसवून खाऊ घालतो व्हय? ही समदी आमची घरची माणसं हायत. आन् पुरावा मी देतो. तुमच्याच नियमानं."

त्याने किचनमधून न तळलेला पनीरचा तुकडा मागवला आणि प्रथमोपचाराच्या पेटीतली जखमेला लावायच्या आयोडीनची बाटली. मोबाइलवर फिरणारा तो प्रयोग तिथल्या प्रत्येकाने बघितलेला होता. पनीरवर आयोडीनचे थेंब टाका. निळं झालं तर नकली, नाही झालं तर असली. बंटीशेठने तुकडा पांढऱ्या बशीत ठेवला, बशी उंच धरली, थेंब टाकले. मोबाइलचे कॅमेरे वर झाले. तपकिरी थेंब तपकिरीच राहिले.

पबमध्ये जो आवाज उठला तो मी पूर्वी फक्त सामन्याच्या शेवटच्या षटकात ऐकला होता.

सरांनी हात वर केला. "आयोडीनने स्टार्च कळतो. यात स्टार्च आहे असं मी म्हणालोच नाही. मी चरबीबद्दल विचारलं. चरबी आयोडीनने कळत नाही."

"ए सर, आता पलटी नाय हां!" कोणीतरी ओरडलं. "नियम म्हंजे नियम!" दुसऱ्या टेबलावरून सूर लागला, रस, रस, रस. टेबलं वाजायला लागली.

इथे एक गोष्ट नोंदवायची आहे. त्या खोलीत बसलेल्यांपैकी कित्येकांचा पगार तपासणीवर चालतो. ते चाकणला, भोसरीला, तळवड्याला दिवसभर माप तपासायचं गेज घेऊन उभे असतात. केसभर फरक पडला तर भाग बाजूला टाकतात, माप चुकलं तर अख्खा लॉट थांबवतात, चुकीचं गेज वापरणाऱ्या पोराला सगळ्यांसमोर झापतात. चुकीची चाचणी म्हणजे काय, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. संध्याकाळी सातनंतर त्यांनी ते विसरायचं ठरवलं होतं. अज्ञान समजू शकतं. हे अज्ञान नव्हतं. पुढ्यात थाळी होती, समोर एक म्हातारा माणूस पडताना दिसत होता, आणि ते बघायला मजा येत होती.

सर म्हणाले, "मागच्या दाराशी खोकी आहेत. कोणीतरी जाऊन बघा. दोन मिनिटांचं काम आहे."

कोणीही उठलं नाही. गणेश उठला, मी उठलो. किचनच्या बाजूने मागे गेलो तर लोखंडी दाराला आतून कुलूप होतं आणि वॉचमन स्टुलावर बसला होता. गणेश म्हणाला, "दादा, नुसता बघूचा हा. हात नाय लावणार." वॉचमन म्हणाला, "शेठला विचारून या. माझी नोकरी खाऊ नका राव." दाराच्या फटीतून ओला सिमेंटचा कोबा दिसत होता, बाकी काही नाही.

आम्ही परत आलो तेव्हा सरांनी पिशवीतून बाटली काढली होती. गणेश लांबूनच ओरडला, "सर, पिऊ नका! गेट बंद हा!"

सरांनी आमच्याकडे बघितलं. "म्हणजे पुरावा नाही." मग बंटीशेठकडे वळून, "नियम माझा आहे."

त्यांनी ग्लास भरला. काठापर्यंत. तो त्यांनी नेहमीसारखा एका दमात प्यायला नाही. घोट घोट प्यायला, मध्ये एकदाही थांबले नाहीत. रस, रस म्हणणारे आवाज पहिल्या दोन घोटांत विरले. रिकामा ग्लास त्यांनी उपडा ठेवला, माईक उचलला.

"रस प्यायलो," ते म्हणाले. "चरबी झाडाचीच आहे."

मग थांबले. नजर प्रत्येक टेबलावरून फिरली. "हरकत?"

कोणीही चमचा वाजवला नाही. बंटीशेठनेही नाही. सरांनी माईकचं बटण बंद केलं, बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळली आणि बाहेर पडले. विजेत्या टीमला थाळी मिळाली. ती त्यांनी खाल्ली.

घरी जाताना गणेश म्हणाला, "डायमीटर मोजायला थर्मामीटर लावला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हिस रोडवर भंगारवाल्याचा हातगाडा दिसला. वर चपटी केलेली खोकी बांधली होती. त्यांवर चाकणच्या कारखान्याचं नाव होतं आणि त्याखाली, वाटेत अजिबात न गळलेला शब्द: ॲनालॉग. घटकांच्या यादीत, वनस्पती तेल. मी फोटो काढून सरांना पाठवला. लगेच उत्तर आलं. 'क्विझच्या वेळेत आला नाही. ग्राह्य नाही.'

मी फोन केला. मी वर्तमानपत्रात काम करतो, बातमी करतो, असं सांगितलं. ते म्हणाले, "नको. तुमच्या बातमीत शेठची बाजू येईल. मग माझी बाजू येईल. दोन्ही सारख्या लांबीच्या असतील. खोक्यावर काय छापलंय, ती बाजू कोण घेणार?" मी म्हणालो, तीही घेऊ. ते म्हणाले, "अन्न खात्याकडून सॅम्पल काढलं जाईल, अहवाल येईल, तोवर मेनूकार्ड दोनदा छापून होईल. आणि लोक म्हणतील, म्हाताऱ्याला रस प्यावा लागला म्हणून तक्रार केली." त्यात एकही चुकीचं वाक्य नव्हतं.

आयोडीनचा व्हिडिओ मात्र फिरत राहिला. त्यात सर स्टार्चबद्दल बोलले तो भाग नव्हता. चऱ्होलीच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तो आला. लिफ्टमध्ये लोक त्यांना विचारत, "काय काका, कसा होता रस?" सर उत्तर देत, "कडू." विचारणाऱ्याला वाटे, काकांनी खेळकरपणे घेतलं.

पावसाळ्याआधी मुलगी येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली. नाशिक फाट्याजवळून बस सुटायची होती. आम्ही दोघं सोडायला गेलो. मुलगी सामान लावत होती, सर खांद्याची पिशवी सोडायला तयार नव्हते. गणेशने विचारलं, "सर, परत येणार ना?" सर माझ्याकडे वळले. मला विचारलं, "तिथे आता उत्तर दिल्यावर हरकत कोण विचारतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "उत्तर सांगतात आणि पुढचा प्रश्न घेतात."

"मग ते क्विझ नाही. ती जाहिरात आहे." पिशवीतून त्यांनी नॅपकिनमध्ये गुंडाळलेली बाटली काढून गणेशच्या हातात दिली. रिकामी होती, धुतलेली. "नागपूरला काय करायची? तिथे मी नातवंडांना शिकवायला चाललोय. त्यांना कारलं देता येत नाही." हे ते रागाने म्हणाले. बस हलली तेव्हा त्यांनी हात केला नाही. ते शेजारी उभ्या असलेल्या बसच्या काचेवरची गावांच्या नावांची पाटी वाचत होते.

त्यानंतर बरेच गुरुवार आम्ही गेलो नाही. मग एका बुधवारी गणेशने बाजारातून कारली आणली. त्याच्या बायकोने विचारलं, एवढी कशाला, तर म्हणाला, "भाजी करूची नाय."

गुरुवारी पबमध्ये गर्दी होती. माईकवर कार्यक्रम करणारा एक तरुण होता, चुणचुणीत, मोबाइलवरून प्रश्न वाचणारा. मेनूकार्ड तेच होतं. मी टेबल धरलं, गणेश गाडी लावायला म्हणून गेला आणि जरा उशिराने आला. खोकी संध्याकाळी मागच्या बोळात टाकली जातात आणि भंगारवाला ती सकाळी उचलतो. मधल्या वेळात ती सगळ्या जगासाठी उघडी असतात. तिथे कुलूप नसतं, वॉचमनही नसतो; त्या रात्री बाहेरून वळसा घालायचं आम्हाला सुचलं नव्हतं. गणेशच्या जर्किनच्या आत काहीतरी चपटं होतं.

शेवटच्या फेरीत तरुणाने आवाज चढवला. "तर मंडळी, आपल्या आजच्या स्पेशल थाळीचा हीरो कोण? सगळे एकत्र बोला! शंभर टक्के शुद्ध...?"

"मलाई पनीर!" पब ओरडला.

"बरोब्बर! पुढचा..."

मी चमचा ग्लासवर वाजवला आणि उभा राहिलो. "हरकत आहे."

तरुण गोंधळला, मग हसला. "सर, इथे तसं काही नसतं. फन आहे. बसा ना."

गणेशही उभा राहिला. त्याने दुसरा चमचा वाजवला. कोपऱ्यातून तिसरा वाजला. आळंदीचा प्लंबर होता, तोही उभा राहिला होता. काउंटरमागे बंटीशेठने मान वर केली आणि आम्हाला ओळखलं.

गणेशने जर्किन उघडून खोकं काढलं आणि टेबलावर पसरलं, छापलेली बाजू वर करून. त्यावर त्याच आठवड्याची तारीख होती. शेजारच्या टेबलावरची एक बाई वाकून वाचायला लागली. तिने नवऱ्याच्या ताटाकडे बघितलं, मग परत खोक्याकडे. गणेशने पिशवीतून नॅपकिनमध्ये गुंडाळलेली बाटली काढली, झाकण उघडलं आणि एक ग्लास भरला. काठापर्यंत. तो त्याने काउंटरच्या दिशेने सरकवला.

क्विझ अजून संपलेलं नव्हतं. पुरावा वेळेत आला होता.

"उत्तर, झाड," मी म्हणालो. मग बंटीशेठकडे बघत थांबलो. "हरकत?"